मोठेपणी कळलेला ऑटिझम: नागपुरातल्या बायका मला विचारतात ते प्रश्न

मला ऑटिझमचं निदान झालं तेव्हा मी ३६ वर्षांची होते. आज ४१ ची आहे. तेव्हापासून ओळखीच्या आणि अनोळखी बायका मला गाठतात. कुणी लग्नाच्या पंगतीतून बाजूला नेते, कुणी रात्री साडेअकराला मेसेज करते, आणि बहुतेक वेळा सुरुवात "कुणाला सांगू नका, पण" अशी असते. त्यांचे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. मी डॉक्टर नाही. एका खाजगी ऑफिसात हिशेब पाहते. वैद्यकातलं जे पक्कं ठाऊक आहे तेवढंच लिहिलं आहे, बाकीचं जगून कळलेलं आहे.

ऑटिझम म्हणजे नेमकं काय? तो आजार आहे का?

आजार नाही. मेंदूची ती जन्मापासूनची घडण आहे. आवाज, उजेड, स्पर्श, चव इतरांपेक्षा फार जास्त किंवा फार कमी जाणवतात. समोरच्याने न बोलता सुचवलेलं पटकन उमगत नाही. ठरलेला क्रम मोडला की पायाखालची जमीन सरकते. एखादा विषय धरला की त्यात बुडून जायला होतं. प्रत्येकीत याचं प्रमाण वेगळं असतं. काही जणींना बोलता येत नाही, आयुष्यभर कुणीतरी सोबत लागतं. काही माझ्यासारख्या नोकरी आणि घर दोन्ही करतात. निदान एकच. मी इथे लिहिते आहे ते दुसऱ्या प्रकारच्या जगण्याबद्दल, कारण तेच मला आतून माहीत आहे.

मराठीत 'स्वमग्नता' हा शब्द रुजला आहे, पण माझ्या तोंडी तो बसत नाही. स्वतःत मग्न असते तर बरं झालं असतं. मी खोलीत शिरले की पंख्याची कुरकुर, कुणाच्या बांगड्या, स्वयंपाकघरातली कुकरची शिट्टी आणि चार जणांची बोलणी एकाच वेळी, एकाच जोराने आत येतात. म्हणून मी ऑटिझमच म्हणते.

"पण तू तर तशी दिसत नाहीस!"

हा प्रश्न नाही, पण सगळ्यात जास्त वेळा हेच ऐकलं आहे. ऑटिझम चेहऱ्यावर दिसत नाही. तुम्ही मला पाहता ते कार्यक्रमात, तासाभरासाठी. त्यानंतरचे दोन दिवस तुम्ही पाहिलेले नसतात.

मुलींमध्ये तो इतक्या उशिरा का कळतो?

मुळात सुरुवातच मुलांपासून झाली. अमेरिकेतल्या लिओ कॅनर या डॉक्टरांनी १९४३ मध्ये ११ मुलांचं वर्णन लिहिलं, त्यात ८ मुलगे होते आणि ३ मुली. हान्स अ‍ॅस्पर्गर या व्हिएन्नातल्या डॉक्टरांनी १९४४ मध्ये सविस्तर मांडले ते चौघेही मुलगे. या दोघांच्याही आधी, १९२० च्या दशकात, मॉस्कोतल्या ग्रुन्या सुखारेवा या डॉक्टर बाईंनी अशा मुलांबद्दल लिहिलं होतं आणि नंतर मुलींबद्दलही. पण त्यांचं लिखाण कित्येक दशकं मागे पडलं. मग निकष ठरले ते मुलांवरून, आणि त्या निकषांत न बसणारी मुलगी निदानापर्यंत पोहोचलीच नाही. चार मुलांमागे एक मुलगी, असं प्रमाण वर्षानुवर्षं सांगितलं गेलं. २०१७ मध्ये अनेक अभ्यास एकत्र तपासले तेव्हा ते तिनास एकच्या जवळ निघालं, आणि मुली निदानातून निसटतात हेही त्यात स्पष्ट दिसलं.

दुसरं कारण आपल्या घरांतच आहे. मी आठ-नऊ वर्षांची असताना ठिपक्यांच्या रांगोळीच्या वह्या भरत असे. १५ ठिपके १५ ओळी, मग १५ ते ८, मग १९ ते १०. पट्टी लावायची नाही, पण दोन ठिपक्यांमधलं अंतर केसभर चुकलं तर पान फाडून पुन्हा सुरू. दिवाळीच्या सुटीत सकाळी बसले की जेवायला उठवावं लागे, आणि उठवलं की मी किंचाळून रडायची. आमच्या वाड्यातल्या बायका म्हणायच्या, काय कलाकार पोट्टी आहे. हेच वेड एखाद्या मुलाला पंख्यांच्या पात्यांचं किंवा गाड्यांच्या नंबरांचं असतं तर कुणीतरी थबकलं असतं. मुलींचे विषय बहुधा चारचौघींसारखेच असतात: रांगोळी, मेंदी, मांजरी, गोष्टींची पुस्तकं. विषयाकडे पाहून काही कळत नाही. त्यात ती किती खोल जाते आणि बाहेर काढल्यावर तिचं काय होतं, ते पाहायला हवं.

आणि आपल्याकडे शब्दही तयार असतात. घुमी. हेकट. एककल्ली. माणूसघाणी. मला हे चारही मिळाले. ज्या मुलीला आधीच 'घुमी' म्हणून टाकलं, तिला आणखी काय असेल असं कुणी शोधत नाही.

मास्किंग म्हणजे काय? नाटक करणं का?

आपलं वेगळेपण झाकून चारचौघींसारखं वागत राहणं, ते मास्किंग. त्याला नाटक म्हणू नका. नाटक संपतं, पडदा पडतो. मी याला 'सांभाळून घेणं' म्हणते, कारण आपल्या घरांत मुलीला पहिल्यांदा शिकवतात ते हेच.

महालक्ष्म्यांचा दिवस सांगते. विदर्भात गौरींना महालक्ष्म्या म्हणतात, आणि ज्या घरी त्या बसतात त्या घरी जेवायला गर्दी असते. आमच्याकडे एका वर्षी साठेक पानं उठली होती. सकाळपासून पुरण, आंबील, सोळा भाज्या, कापराचा वास, आरतीच्या टाळ्या, स्टीलची ताटं एकावर एक आपटल्याचा आवाज. मी प्रत्येकीच्या भुवयांच्या मधोमध पाहत होते, कारण डोळ्यांत पाहिलं की मला ऐकू यायचं थांबतं. कुणी हसलं की मोजून तेवढंच हसत होते. "भात वाढू का, आणखी थोडा घ्या" ही वाक्यं आधीच्या रात्री मनात घोकून ठेवलेली होती. जाताना एक मावशी सासूबाईंना म्हणाल्या, "सून किती हसतमुख आहे हो तुमची!"

रात्री मी न्हाणीघराच्या फरशीवर बसून होते. दिवा बंद, नळाची बारीक धार चालू. नवऱ्याने बाहेरून विचारलं, दूध तापवलं का? उत्तर माहीत होतं, पण तोंडातून शब्द निघेना. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत निघाला नाही. याला शटडाऊन म्हणतात. काही जणींचं उलट होतं: रडणं, ओरडणं, डोकं आपटणं. तो मेल्टडाऊन. हट्ट म्हणून कुणी ते करत नाही. आणि असं वर्षानुवर्षं सांभाळून घेतलं की एक दिवस अंगात काही उरतच नाही. जमत असलेला स्वयंपाक जमेनासा होतो, आंघोळ डोंगराएवढी वाटते. त्या अवस्थेला बर्नआऊट म्हणतात. मी ३५ व्या वर्षी तिथे पोहोचले, आणि म्हणूनच निदानापर्यंत पोहोचले.

त्या मावशींचं कौतुक मनापासूनचं होतं. ज्या गुणाबद्दल आपल्याकडे बाईची पाठ थोपटतात, तोच तिला आतून पोखरत असतो, एवढं मात्र मला त्या रात्रीनंतर कळलं.

उन्हाळ्यात माझी चिडचिड दुप्पट होते. त्याचा याच्याशी संबंध आहे का?

असू शकतो. ज्ञानेंद्रियांची ही तीव्रता २०१३ मध्ये डीएसएम-५ या निदानपुस्तिकेत निकषांमध्ये घेतली गेली. त्याआधी ती बाजूचीच गोष्ट समजली जायची. नागपूरच्या उन्हाळ्यात तिची परीक्षाच असते. पारा ४५ च्या वर, दिवसभर कूलरची घरघर, वाळ्याच्या ताटीचा वास, मानेला चिकटलेलं घामेजलं ब्लाऊज. कूलरशिवाय राहता येत नाही आणि कूलरच्या आवाजात विचार करता येत नाही. मी कानात फोमचे बोळे घालून झोपते. मेडिकलच्या दुकानात अगदी स्वस्तात मिळतात. कपड्यांच्या आतली लेबलं उसवून टाकते, आणि बर्डीच्या बाजारात, मेन रोडवर शनिवार-रविवारी संध्याकाळी जातच नाही. खरेदी सकाळी दुकानं उघडताना करते.

एक गोष्ट मात्र नीट वाचा. आमच्यापैकी अनेकींना शरीराच्या आतल्या खुणा उशिरा कळतात: तहान, भूक, लघवी, ताप. मे महिन्यात तहान लागल्यावर पाणी पिऊ म्हटलं तर तोवर चक्कर आलेली असते. मी दोनदा ऊन लागून पडले आहे. आता सकाळी ९ पासून दर तासाला मोबाईलचा गजर होतो आणि तहान असो-नसो, ग्लासभर पाणी पिते.

तर्री पोह्यांबद्दलही विचारलं जातं, म्हणून सांगते. मला तर्री अतिशय आवडते. ऑटिझम असलेल्या सगळ्यांना मिळमिळीतच लागतं हे खरं नाही. काहींना तीव्र चवच बरी वाटते. पोह्यांत बुडालेली तर्री मात्र नको, वेगळ्या वाटीत हवी.

निदान नागपुरात होतं का? कुठे जाऊ?

होतं. मानसोपचारतज्ज्ञ किंवा भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असलेले क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट यांच्याकडे जायचं. सरकारीत मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स ही मोठी रुग्णालयं आहेत, खाजगीतही तज्ज्ञ आहेत. भेटीची वेळ घेतानाच फोनवर विचारा: "मोठ्या बायकांचं ऑटिझमसाठी मूल्यांकन तुम्ही करता का?" हा एक प्रश्न विचारला असता तर माझं एक वर्ष वाचलं असतं. मी प्रथम ज्यांच्याकडे गेले त्यांनी दहा मिनिटांत सांगितलं, "नजरेला नजर देऊन बोलता, लग्न झालंय, नोकरी करता, मग कसला ऑटिझम?" मी त्यांच्या भुवयांकडे पाहत होते.

जाताना लिहून न्या. आई, मोठी बहीण, आत्या, ज्यांना तुमचं लहानपण आठवतं त्यांना विचारा: बोलायला कधी लागले, कशाला घाबरायचे, कुठले कपडे घालायचे नाहीत. शाळेची प्रगतिपुस्तकं असतील तर न्या. माझ्या चौथीच्या प्रगतिपुस्तकात "हुशार, पण कुणात मिसळत नाही" असा शेरा होता. डीएसएम-५ मध्येच लिहिलं आहे की लक्षणं लहानपणापासून असली तरी समाजाच्या अपेक्षा झेपेनाशा होईपर्यंत ती कधीकधी पूर्ण दिसत नाहीत, किंवा शिकून घेतलेल्या क्लृप्त्यांखाली झाकली जातात. कुणी "लहानपणी का नाही कळलं" म्हणून परत पाठवलं, तर हे शांतपणे सांगा.

इंटरनेटवरच्या चाचण्या खऱ्या असतात का?

सुरुवात म्हणून ठीक. ५० प्रश्नांची एक्यू आणि ८० प्रश्नांची राड्स-आर या प्रश्नावल्या संशोधकांनीच तयार केलेल्या आहेत. पण त्या निदान करत नाहीत, आणि चिंतारोग, एडीएचडी (लक्ष एका जागी न टिकणं), लहानपणचे आघात यांतही गुण वर जाऊ शकतात. भरलेली प्रश्नावली तज्ज्ञांकडे घेऊन जा, प्रत्येक उत्तरापुढे आपल्या आयुष्यातला एक प्रसंग लिहून. त्या प्रसंगांचाच खरा उपयोग होतो.

चाळिशीत निदान करून काय मिळणार?

मला काय मिळालं ते सांगते. मी वाईट आहे असं समजून ३६ वर्षं जगले होते, ते थांबलं.

व्यवहारातलंही काही असतं. नैराश्य किंवा व्यक्तिमत्त्वाचा विकार म्हणून चुकीचे उपचार चालू असतील तर ते तपासले जातात. रजा घ्यायची ती कशासाठी, हे कळतं. पण निदान नको असेल तर तेही चालतं. कान झाकायला आणि पंगतीतून लवकर उठायला कागद लागत नाही.

घरी कसं सांगू?

नाव सांगून सुरुवात करू नका, गरज सांगून करा. मी सासूबाईंना "मला ऑटिझम आहे" म्हणाले तेव्हा त्या घाबरल्या, देवाला नवस बोलल्या. दोन महिन्यांनी पुन्हा बसले आणि एवढंच म्हणाले, "आई, मिक्सर लावायच्या आधी मला सांगाल का? अचानक लागला की माझ्या छातीत धडधडतं." ते त्यांना लगेच समजलं. आता त्या स्वयंपाकघरातून हाक मारतात, "लावून राहिले गं!" आणि मी कानावर हात घेते. पाहुणे जास्त झाले की त्याच म्हणतात, "काऊन गं, डोकं भरलं का? जा, आत पड थोडी. चहाचं मी पाहते." ऑटिझम हा शब्द त्यांनी आजवर उच्चारलेला नाही, आणि मला त्याची गरज वाटत नाही.

आम्हाला दुसऱ्यांच्या भावना कळत नाहीत, हे खरं का?

नाही. डेमियन मिल्टन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या ब्रिटिश संशोधकाने २०१२ मध्ये मांडलं की ही अडचण दुहेरी आहे: आम्हाला तुम्ही कळत नाही आणि तुम्हाला आम्ही. २०२० मध्ये एक अभ्यास झाला. कानगोष्टीच्या खेळासारखी एक गोष्ट एकाकडून दुसऱ्याकडे पोहोचवायची होती. फक्त ऑटिस्टिक लोकांच्या साखळीत ती इतरांच्या साखळीइतकीच नीट पोहोचली. दोघांची मिसळ केलेल्या साखळीत मात्र गळती जास्त झाली. माझी एक ऑटिस्टिक मैत्रीण आहे. आम्ही अंबाझरी तलावाच्या काठाने चालतो, अर्धा तास कुणी काही बोलत नाही, आणि घरी येताना दोघींनाही बरं वाटतं.

लग्नाच्या बोलणीत सांगायचं का?

ज्याच्याशी लग्न करायचं त्याला, हो. मध्यस्थांना, त्याच्या काका-मामांना सांगायची गरज नाही. माझं मत ठाम आहे: लपवून केलेल्या लग्नात मुलीला आयुष्यभर चोवीस तास सांभाळून घ्यावं लागतं, आणि ते कुणालाच झेपत नाही. सांगितल्यावर स्थळ मोडलं तर मोडू दे. आयांना वाटतं "लग्न झालं की होईल सुरळीत". होत नाही. नवं घर, नवे वास, नवे नियम आणि तिला स्वतःची खोलीही नाही, अशी ती सुरुवात असते.

मुलालाही होईल का?

ऑटिझममध्ये आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे, त्यामुळे शक्यता वाढते. होईलच असं नाही. अनेक बायकांना स्वतःचं निदान मुलाच्या निदानानंतरच कळतं: डॉक्टर मुलाबद्दल प्रश्न विचारत असतात आणि आईला वाटतं, हे तर माझंच आहे. लस दिल्याने ऑटिझम होत नाही. १९९८ मध्ये तसा दावा करणारा लेख तो छापणाऱ्या लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकानेच २०१० मध्ये मागे घेतला. मुलांच्या लसी चुकवू नका.

पाळीच्या दिवसांत सगळंच असह्य का होतं?

पाळीच्या आधीच्या आठवड्यात आवाज, वास, पॅडचा स्पर्श, सगळंच जास्त टोचतं, असं पुष्कळ ऑटिस्टिक बायका सांगतात. माझंही तसंच आहे. कॅलेंडरवर ते दिवस खूण करून ठेवते आणि त्या आठवड्यात लग्न-बारसं घेत नाही. पॅड टोचत असेल तर सुती कापडाचे पॅड वापरून पाहा. रजोनिवृत्तीच्या वयात आतापर्यंत जमलेलं सांभाळणं अचानक सुटतं, हेही अनेकींना अनुभवाला येतं. स्त्रीरोगतज्ज्ञांना ऑटिझमबद्दल सांगा, आणि तपासणीत हात लावण्याआधी शब्दात सांगायची विनंती करा.

नोकरीत सांगावं का? कायद्याने काही मिळतं का?

१९९५ च्या अपंग व्यक्तींच्या कायद्यात ऑटिझम नव्हता. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत आणि त्यात तो आहे. सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांसाठी ४ टक्के आरक्षण आहे. त्यातला १ टक्का ऑटिझम, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व यांच्यात वाटलेला आहे. आरक्षणासारख्या लाभांसाठी किमान ४० टक्क्यांचं प्रमाणपत्र लागतं. त्याचा अर्ज यूडीआयडीच्या (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राच्या) संकेतस्थळावर भरायचा, मग रुग्णालयात तपासणी. तिथे आयएसएए ही ४० मुद्द्यांची भारतीय मोजपट्टी वापरतात. नोकरी-घर सांभाळणाऱ्या बाईचे गुण तीत बहुधा कमी भरतात, तेव्हा तयारीने जा. नॅशनल ट्रस्ट या केंद्र सरकारच्या संस्थेची निरामय आरोग्य विमा योजना १ लाख रुपयांपर्यंतची आहे, ऑटिझम तिच्यात येतो.

माझ्यापुरतं म्हणाल तर मी ऑफिसात निदान न सांगता दोन गोष्टी मागितल्या. काम तोंडी न देता लिहून द्या, आणि माझं टेबल दाराजवळून हलवून भिंतीकडे करा. दोन्ही मिळाल्या. साहेबांना वाटलं मी फार काटेकोर आहे. मीही तेवढंच वाटू दिलं.

औषध आहे का?

ऑटिझमचं नाही. सोबत येणाऱ्या चिंता, नैराश्य, निद्रानाश यांची आहेत, आणि ती लागली तर घ्यावीत. "पूर्ण बरा करतो" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

जगावंसं वाटत नाही, असं कधीकधी होतं.

हे एकटीने धरून ठेवू नका. ऑटिस्टिक बायकांमध्ये आत्महत्येचे विचार जास्त आढळतात, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलं आहे. १४४१६ हा टेलीमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, मोफत, दिवसरात्र, मराठीतही बोलता येतं. फोनवर शब्द फुटत नसतील तर जवळच्या माणसाला फक्त "ये" एवढा मेसेज करा. मी आणि माझ्या बहिणीने तो शब्द ठरवून ठेवला आहे. तो आला की ती प्रश्न न विचारता निघते. तुम्हीही आज कुणाशी तरी ठरवा.

आणि कुणी तुमच्या भोळेपणाचा, शब्दशः विश्वास ठेवण्याचा गैरफायदा घेत असेल, घरातलं माणूस असलं तरी, १८१ ही महिलांची हेल्पलाइन आहे. "मला त्याचा हेतू कळला नाही" यात तुमचा दोष नाही.

माझी मुलगी ९ वर्षांची आहे. शाळेत बाई म्हणतात, अगदी गुणी. घरी आली की दप्तर फेकते, रडते, भावाला मारते. लाडावली आहे का?

मला हा प्रश्न सगळ्यात जास्त कळतो. शाळेतले सहा तास तिने कसेबसे धरून ठेवलेले असतात, आणि घर ही एकच जागा आहे जिथे ते सोडता येतं. ऑटिझम असेल किंवा नसेल, ते तपासणीत कळेल. तोवर घरी आल्यावरचा पहिला अर्धा तास तिला द्या. आज काय शिकवलं, डबा संपवला का, गणवेश का मळला, काही विचारू नका. गणवेश बदलू द्या, पाणी आणि रोजचंच खाणं समोर ठेवा, टीव्ही बंद, खिडकीचा पडदा ओढलेला. ती कोपऱ्यात बसून काही गिरवत असेल तर गिरवू द्या, जेवायला उठवायच्या दहा मिनिटं आधी सांगा. एक वही करा आणि महिनाभर रोज दोन ओळी लिहा: आज शाळेत काय होतं, घरी आल्यावर किती वेळ रडली, कशाने थांबली. स्नेहसंमेलनाचा दिवस, परीक्षेचा दिवस, बाई बदलल्या तो दिवस, हे सगळं त्यात येईल. डॉक्टरांकडे जाताना प्रगतिपुस्तकाबरोबर ती वही न्या, आणि बोलायला सुरुवात वहीपासून करा.